वायरलेसच्या खुर्चीत कोण बसणार?

३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने मोवाड या गावाची धूळधाण केली. मोवाड नागपूर जिल्ह्यातले, नरखेड तालुक्यातले, पण नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो. दोनशेहून अधिक माणसे त्या पुरात दगावली. पुढे गाव दुसऱ्या जागी वसवावे लागले. त्यानंतर दोनच वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. काही सेकंदांत लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली (उस्मानाबादचे नाव आता धाराशिव आहे) गावेच्या गावे दगडमातीच्या ढिगाऱ्याखाली गेली.

पूर आणि भूकंप यांची कारणे निराळी, पण दोन्ही वेळी पहिल्या काही तासांतला प्रश्न एकच असतो. काय झाले आहे, कोठे झाले आहे, आणि कोणाला काय हवे आहे, हे बाहेर कळवायचे कसे? किल्लारीनंतर देशाच्या वेगवेगळ्या भागांतले हौशी रेडिओचालक, म्हणजे ज्यांना आपण 'हॅम' म्हणतो ते, आपापले संच घेऊन भूकंपग्रस्त भागात गेले होते. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद या दिल्लीच्या हॅम एका रेडिओ मोहिमेसाठी अंदमानात पोर्ट ब्लेअरला होत्या. बेटांचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला असताना त्यांच्या संचावरून निरोप जात-येत राहिले. या गोष्टी आपण कौतुकाने सांगतो. पण त्यांत एक काळजीची बाब आहे. त्सुनामीच्या दिवशी एक जाणकार चालक नेमकी तिथे होती, हा योगायोग होता. आपल्या गावी, आपल्या तालुक्याला, अशी माणसे योगायोगाने मिळतील यावर विसंबून राहता येईल का?

या लेखात आपण एका तालुक्याच्या गावाचे उदाहरण घेऊन हिशेब करणार आहोत. गाव आहे अकोला जिल्ह्यातले पातूर. तिथे अशी योजना आहे किंवा नाही याविषयी हा लेख नाही. पातुरात ती करायची ठरवली तर किती माणसे लागतील, कोणती लागतील आणि का, एवढेच पाहायचे आहे. आपल्या गावाचे आकडे घालून हाच हिशेब कोणत्याही शाळेत करता येईल.

मोबाइल असताना वायरलेस कशाला?

वर्गात हा प्रश्न पहिल्या मिनिटाला येतो, आणि तो योग्यच आहे. आज 'सचेत' या राष्ट्रीय व्यवस्थेतून मुसळधार पावसाचा किंवा विजांचा इशारा त्या त्या भागातल्या मोबाइलवर येतो. जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ या क्रमांकावर फोन करता येतो. मग अडचण कोठे आहे?

मोबाइलचा निरोप हवेतून जातो तो फक्त जवळच्या मनोऱ्यापर्यंत. तिथून पुढे तो तारेने, काचतंतूने किंवा सूक्ष्मलहरींच्या दुव्याने जातो. मनोऱ्याला वीज लागते. वीज गेली की बॅटरी काही तास चालते, मग जनरेटर आणि त्याचे डिझेल. पुलावरून पाणी गेले तर डिझेल पोचत नाही, आणि पुलाच्या कडेने टाकलेली केबलही पुलाबरोबर जाऊ शकते. हे सगळे शाबूत राहिले तरी आणखी एक मर्यादा आहे. कोणतीही टेलिफोन व्यवस्था सगळे ग्राहक एकाच वेळी बोलतील असे धरून बांधलेली नसते. तसे करणे परवडणारच नाही. संकटात मात्र नेमके सगळेच एकदम फोन लावतात. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा अनेकांचे मोबाइल हातात असूनही तासन्‌तास लागत नव्हते.

दोन वायरलेस संचांच्या मध्ये यातले काहीच नसते. एक संच, एक बॅटरी, एक ॲन्टेना. आणि पलीकडे तसेच. म्हणून ही व्यवस्था चिवट आहे. मात्र तिला एक गोष्ट लागते जी मोबाइलला लागत नाही. पलीकडच्या टोकाला कोणीतरी कान देऊन बसलेले असावे लागते.

पातूरची जमीन आणि रेडिओलहरी

माणसे किती हे ठरवण्याआधी ठाणी किती हे ठरवावे लागते, आणि ते जमीन ठरवते.

पातूर अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी आहे. उत्तरेला अकोल्याकडे काळ्या मातीचे सपाट मैदान, दक्षिणेला वाशीमकडे जाताना लागणारा पातूरचा घाट आणि त्यापलीकडे मेडशी, मालेगाव. तालुक्यात मोर्णा आणि निर्गुणा या नद्यांवर धरणे आहेत. मोर्णा पुढे थेट अकोला शहरातून वाहत पूर्णेला मिळते. म्हणजे मोर्णेच्या वरच्या अंगाला काय चालले आहे, ही माहिती पातुरापेक्षाही अकोल्याला अधिक मोलाची.

अशा कामासाठी सामान्यतः अतिउच्च कंप्रतेच्या लहरी वापरतात. हॅम मंडळींचा १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झचा पट्टा त्यातलाच. या लहरींची लांबी सुमारे दोन मीटर असते. त्या जवळपास सरळ रेषेत जातात, त्यामुळे पृथ्वीचा गोलावा आणि मधला डोंगर हे त्यांचे अडथळे. सपाट भागात दोन ॲन्टेनांमधले कमाल अंतर काढण्याचे सूत्र सोपे आहे:

अंतर (किलोमीटर) = ४.१२ × (पहिल्या ॲन्टेनाच्या उंचीचे वर्गमूळ + दुसऱ्या ॲन्टेनाच्या उंचीचे वर्गमूळ)

उंची मीटरमध्ये घ्यायची. वातावरणामुळे लहरी किंचित खाली वळतात, तोही परिणाम या ४.१२ मध्ये धरलेला आहे.

हातात धरायचे दोन संच घ्या. दोघांची उंची दीड मीटर. सूत्राप्रमाणे उत्तर येते सुमारे १० किलोमीटर. प्रत्यक्षात झाडे, घरे आणि संचाची थोडी शक्ती यांमुळे दोन-तीन किलोमीटरच मिळतात. आता पातूर आणि अकोला यांत सरळ रेषेत पंचवीस-तीस किलोमीटर अंतर आहे. दोन्हीकडे १६ मीटर उंचीवर ॲन्टेना लावली तर ४.१२ × (४ + ४) = सुमारे ३३ किलोमीटर. म्हणजे एका बऱ्यापैकी उंच इमारतीच्या गच्चीवर खांब उभारला तर काम होईल. आणि ॲन्टेना मैदानापासून १०० मीटर उंच टेकडीवर नेली तर तीच १६ मीटरवरच्या दुसऱ्या ॲन्टेनाशी ४.१२ × (१० + ४) = सुमारे ५८ किलोमीटरपर्यंत बोलू शकेल.

घाटापलीकडच्या गावांचे काय? डोंगराच्या सावलीत या लहरी पोचत नाहीत. तिथे दोन उपाय आहेत. पहिला, डोंगरमाथ्यावर पुनःप्रक्षेपक बसवणे, जो एका बाजूचे ऐकून लगेच दुसऱ्या बाजूला पाठवतो. दुसरा, ७ मेगाहर्ट्‌झच्या आसपासच्या लांब लहरी जवळजवळ सरळ वर सोडणे. आयनांबरावरून त्या परावर्तित होऊन कारंज्याच्या पाण्यासारख्या आजूबाजूला खाली येतात. त्यासाठी वीसेक मीटरची तार जमिनीपासून फार उंच नसलेली आडवी बांधली तरी पुरते. रात्री आयनांबर विरळ होते, तेव्हा याहून कमी कंप्रतेवर उतरावे लागते. पहिल्या उपायात यंत्र सांभाळायला माणूस लागतो, दुसऱ्यात लहरींचा स्वभाव ओळखणारा माणूस लागतो. फिरून प्रश्न माणसावर येतोच.

एका खुर्चीला किती माणसे?

समजा आपण पातुरासाठी अगदी छोटी योजना आखली. तीन ठाणी: गावातले नियंत्रण केंद्र, एक धरणावर, आणि एक घाटापलीकडच्या गावात. नियंत्रण केंद्रावर दोन माणसे हवीत, एक बोलणारा आणि एक लिहिणारा. बोलणाऱ्याने लिहायचेही ठरवले तर लिहिताना पुढचा निरोप निसटतो. इतर दोन ठाण्यांवर एकेक धरू. म्हणजे एका वेळी चार खुर्च्या.

पहिला विचार मनात येतो तो असा की चार खुर्च्यांना चार माणसे नेमावीत. पण आठवड्याचे तास १६८. एका नोकरदाराने आठवड्याला ४८ तास काम केले तर एक खुर्ची अखंड भरायला १६८ ÷ ४८ = साडेतीन माणसे. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरले की साडेचार ते पाच. चार खुर्च्यांना वीस पगारी माणसे! कोणतीही लहान नगरपरिषद वर्षातून दोन-चार दिवसांच्या गरजेसाठी एवढा पगार देणार नाही, आणि देऊही नये. म्हणून जगभर स्थानिक संस्थांनी एक मधला मार्ग काढला आहे. थोडे पगारी लोक, जे एरवी दुसरे काम करतात, आणि त्यांच्याभोवती प्रशिक्षित स्वयंसेवकांचे पथक. ब्रिटनमध्ये १९५३ च्या जानेवारीअखेरीस उत्तर समुद्राचे पाणी किनाऱ्यावर घुसले, त्या पुरानंतर तिथल्या हौशी रेडिओचालकांनी 'रेनेट' ही संघटना उभारली. अमेरिकेत १९५२ पासून 'रेसेस' ही योजना स्थानिक नागरी संरक्षणाशी जोडलेली आहे.

आता स्वयंसेवक किती नोंदवायचे? इथे शाळेतली संभाव्यता कामाला येते.

समजा मध्यरात्री बोलावणे गेले. नोंदलेल्यांपैकी कोणी गावाला गेलेला, कोणाच्या घरी आजारपण, कोणाचा फोन बंद. एखादा स्वयंसेवक येण्याची शक्यता १०० त ६० धरू. चार खुर्च्या भरायला किमान चारजण आले पाहिजेत. तसे होण्याची शक्यता किती?

४ नोंदले असतील तर: १३ टक्के
६ नोंदले असतील तर: ५४ टक्के
८ नोंदले असतील तर: ८३ टक्के
१० नोंदले असतील तर: ९५ टक्के
१२ नोंदले असतील तर: ९८ टक्के

पहिला आकडा ०.६ चा चौथा घात, तो कोणीही करून पाहावा. बाकीचे द्विपद विस्ताराने मिळतात. चार खुर्च्यांना चार माणसे नेमलेली योजना आठ वेळांतून जेमतेम एकदा पूर्ण उभी राहील, हे पाहून विद्यार्थी चकित होतात.

हे झाले पहिल्या पाळीचे. संकट दोन-तीन दिवस चालले तर आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या, म्हणजे बाराजण हजर हवेत. २० नोंदले असतील तर बारा येण्याची शक्यता फक्त ६० टक्के. २५ नोंदले तर ती ९२ टक्क्यांवर जाते. पाच जास्तीची माणसे, पण फरक केवढा!

या हिशेबात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे आणि ती सहज नजरेतून सुटते. प्रत्येकाचे येणे न येणे दुसऱ्यापासून स्वतंत्र आहे, असे आपण मानले. पण सगळे स्वयंसेवक नदीकाठच्या एकाच मोहल्ल्यातले असतील तर? पूर आला की सगळ्यांच्याच घरात पाणी, आणि प्रत्येकजण आधी आपली म्हातारी माणसे आणि लेकरे सांभाळणार. तेच बरोबरही आहे. सगळे एकाच कार्यालयातले असतील तर सगळ्यांना एकाच वेळी निवडणुकीचे किंवा पंचनाम्याचे काम लागणार. तेव्हा २५ माणसे निवडताना ती निरनिराळ्या वस्त्यांतली, निरनिराळ्या व्यवसायांतली असावीत. थोडी शिर्ल्याची, थोडी आलेगावची, थोडी घाटापलीकडची. काही शिक्षक, काही दुकानदार, काही शेतकरी. गणितातली 'स्वतंत्र घटना' ही अट गावात अशी पाळावी लागते.

निरोपांची रांग

माणसे जमली, संच चालू झाले. आता दुसरी अडचण. सगळी ठाणी एकाच कंप्रतेवर असतात. एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावे लागते. दोघे एकदम बोलले तर कोणाचेच धड ऐकू येत नाही. एसटीच्या थांब्यावर एकच खिडकी असावी तसे.

तासाला २७ निरोप येतात आणि प्रत्येकाला दोन मिनिटे लागतात असे धरू. वाहिनी ६० पैकी ५४ मिनिटे, म्हणजे ९० टक्के गुंतलेली. अजून सहा मिनिटे मोकळी आहेत, मग चिंता काय? पण निरोप घड्याळ लावून येत नाहीत. कधी पाच एकदम, कधी बराच वेळ काहीच नाही. अशा अनियमित रांगेत सरासरी किती थांबावे लागते याचे एक सोपे सूत्र आहे. वाहिनीचा भार 'भ' असेल तर

प्रतीक्षा = एका निरोपाचा वेळ × भ ÷ (१ − भ)

भार ०.५ असेल तर एका निरोपाइतके थांबावे लागते. ०.८ ला चार निरोपांइतके आणि ०.९ ला नऊ निरोपांइतके. आपल्या उदाहरणात ९ × २ = १८ मिनिटे. धरणावरून 'पाणी सोडत आहोत' हा निरोप द्यायला १८ मिनिटे थांबावे लागले तर काय होईल याची कल्पना करा.

आता तेच २७ निरोप प्रत्येकी एका मिनिटात आटोपले तर? भार ०.४५ होतो आणि प्रतीक्षा ०.४५ ÷ ०.५५ = सुमारे ०.८ मिनिट, म्हणजे पन्नास सेकंदांच्या आत. निरोप निम्मा केला आणि प्रतीक्षा वीसपटीहून कमी झाली! यासाठी नवा संच लागला नाही, पैसा लागला नाही. लागले ते फक्त प्रशिक्षण. नेमके बोलायची सवय असलेला माणूस जास्तीच्या यंत्रापेक्षा अधिक उपयोगी पडतो, हे असे आकड्यांत दाखवता येते.

म्हणूनच नियंत्रण केंद्रावर बसणाऱ्याची निवड सर्वांत जपून करावी. त्याने कोणी केव्हा बोलायचे हे ठरवायचे, तातडीचा निरोप आधी घ्यायचा, आणि लांबण लावणाऱ्याला, मग तो वयाने किंवा हुद्द्याने मोठा का असेना, नम्रपणे पण ठामपणे थांबवायचे. विजेचे ज्ञान असलेला प्रत्येकजण हे करू शकतोच असे नाही. माझ्या पाहण्यात चाळीस मुलांचा वर्ग आवाज न चढवता सांभाळणाऱ्या शिक्षिका हे काम फार चांगले करतात.

मराठीतून बोलताना

रेडिओवर बोलण्याचे नियम बहुतेक पुस्तकांत इंग्रजीसाठी लिहिलेले आहेत. आपली माणसे घाईत मराठीतच बोलणार, वऱ्हाडीतच बोलणार, आणि तसेच बोलावे. पण त्यातल्या खाचाखोचा आपल्यालाच शोधाव्या लागतील.

संभाषणाच्या रेडिओत साधारण ३०० ते ३००० हर्ट्‌झ एवढ्याच ध्वनिकंप्रता पाठवतात. 'स', 'श', 'फ' यांसारख्या उच्चारांतली बरीचशी ऊर्जा त्याहून वरच्या कंप्रतांत असते, ती कापली जाते. महाप्राण वर्णही अंधुक होतात. 'ब' आणि 'भ', 'द' आणि 'ध' यांत घोटाळा होतो. यावर तोडगा आपण पहिलीतच शिकलेलो आहोत. 'क कमळाचा, ग गवताचा, ब बदकाचा' हीच ती युक्ती. अवघड नाव अक्षरवारीने सांगायचे.

आकडे तर आणखी फसवे. 'एकोणपन्नास' आणि 'एकोणसाठ', 'पंचवीस' आणि 'पंचावन्न', 'सदुसष्ट' आणि 'अडुसष्ट' हे खरखरीतून नीट ऐकू येत नाहीत. म्हणून अंक सुटे सांगावेत: 'सहा-सात'. 'पावणेदोन', 'अडीच' हे शब्द घरी गोड वाटतात, पण नोंदवहीत चोवीस ताशी वेळ असावी: '१३-४५', '०२-३०'. गावांच्या नावांचेही तसेच. बाभूळगाव पातूर तालुक्यात आहे आणि यवतमाळ जिल्ह्यात त्या नावाचा तालुकाच आहे. पिंपळगावे तर मोजता येणार नाहीत. नुसते गावाचे नाव सांगून चालणार नाही. तालुका जोडलाच पाहिजे.

आणि शेवटचा नियम: ऐकणाऱ्याने निरोप पुन्हा वाचून दाखवायचा. पाठवणारा 'बरोबर' म्हणेल तेव्हाच तो पोचला असे मानायचे. प्रत्येक निरोपाला क्रमांक, वेळ, कोणाकडून, कोणाला, आणि मजकूर. ही नोंदवही नंतर पंचनाम्याइतकीच महत्त्वाची ठरते.

कपाटातला संच

काही वर्षांपूर्वी एका सरकारी कार्यालयात आपत्ती सरावाला निरीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. वायरलेस संच आहे का, असे विचारल्यावर मोठ्या अभिमानाने कपाट उघडले गेले. संच उत्तम होता, प्लॅस्टिकची पिशवीही निघालेली नव्हती. पण बॅटरी फुगलेली, ॲन्टेनाची केबल उंदरांनी कुरतडलेली, आणि ज्यांनी त्याचे प्रशिक्षण घेतले होते त्यांची बदली झालेली. पुढच्या माणसाला चालवायला शिकवण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. त्या दिवशी सरावापुरते आम्ही सगळ्यांनी मोबाइलवर काम भागवले. खरा पूर असता तर?

तिथल्या कोणाचा आळस हे त्याचे कारण नव्हते. यंत्राची खरेदी एकदा होते आणि तिची नोंद राहते. माणसांची तयारी दर महिन्याला करावी लागते आणि तिची नोंद कोणत्याच वहीत नसते. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण आणले, आणि स्थानिक संस्थांनी आपल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे व साधने वापरण्याजोगी ठेवावीत असेही त्याच कायद्यात म्हटले आहे. कायदा आहे. खुर्चीत कोण बसणार, त्याचे नाव मात्र गावालाच लिहावे लागेल.

ही नावे कोठून मिळतील? पूर्वी गावात कोतवालाने दवंडी दिली की निरोप घराघरात जायचा. निरोप पोचवणे हे कोणाचे तरी ठरलेले काम होते. आजही कोतवाल आणि पोलीस पाटील आहेत. होमगार्ड आहेत. 'आपदा मित्र' योजनेतून प्रशिक्षण घेतलेले तरुण अनेक जिल्ह्यांत आहेत. निवृत्त झालेले पोस्टाचे, टेलिफोनचे, पोलीस बिनतारी विभागाचे कर्मचारी आहेत. त्यांच्या अनुभवाला तोड नाही. आणि शाळा आहेत.

परवान्याबद्दल स्पष्ट असावे. बाजारात स्वस्त वॉकीटॉकी दिसतात, पण परवाना लागणाऱ्या कंप्रतेवर परवान्याशिवाय प्रक्षेपण करणे गुन्हा आहे. नगरपरिषदेच्या स्वतःच्या जाळ्याला दूरसंचार विभागाकडून वेगळी कंप्रता आणि परवाना घ्यावा लागतो. हॅमचा परवाना व्यक्तीला किंवा क्लबला मिळतो. त्यासाठी परीक्षा असते, किमान वय १२ वर्षे. विजेची व रेडिओची मूलतत्त्वे आणि नियम यांवर प्रश्न असतात. प्राथमिक दर्जाच्या परवान्याला मोर्स लिपी लागत नाही. वरच्या दर्जाला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाची लागते. नववी-दहावीचे भौतिकशास्त्र ज्याला समजले त्याला ही परीक्षा अवघड नाही.

महिन्यातून पंधरा मिनिटे

पथक टिकवायचे कसे? जगभरचा अनुभव एकच सांगतो: हजेरी. महिन्यातून एकदा ठरलेल्या वेळी सगळ्यांनी संचावर यायचे. नियंत्रण केंद्राने एकेकाला पुकारायचे, प्रत्येकाने एक छोटा निरोप द्यायचा, तो लिहून घेऊन परत वाचायचा. पंधरा मिनिटांत संपते. या पंधरा मिनिटांत कोणाची बॅटरी मेली, कोण गाव सोडून गेला, कोणाच्या ॲन्टेनावर माकडांनी झोके घेतले, सगळे कळते. शिवाय 'येण्याची शक्यता ६० टक्के' हा आपला आकडा अंदाजाचा राहत नाही. वर्षभराच्या हजेरीवरून तो खरा काढता येतो आणि २५ माणसे पुरेशी आहेत की ३० हवीत, हे ठरवता येते.

विजेची चिंता गावात उलट कमी आहे. २५ वॅटचा संच १२ व्होल्टवर बोलताना साधारण ६ अँपिअर आणि ऐकताना अर्धा अँपिअर घेतो. दहापैकी एक भाग वेळ बोलण्यात गेला तर सरासरी सुमारे एक अँपिअर. ट्रॅक्टरची ८० अँपिअर-तासांची बॅटरी अर्धी वापरली तरी जवळजवळ दीड दिवस निघतो. ट्रॅक्टर कोणत्या गावात नाही?

वर्गात करून पाहण्यासाठी

१. मुलांना दोन गटांत निरनिराळ्या खोल्यांत बसवा. मध्ये एकच निरोप्या, एका वेळी एकच चिठ्ठी नेणारा. पाच मिनिटांत जास्तीत जास्त निरोप पोचवायचे. आधी लांब चिठ्ठ्या, मग दहा शब्दांची मर्यादा. रांग कशी बदलते याची नोंद ठेवा.

२. दाराआडून एकाने शंभरपर्यंतचे वीस आकडे नेहमीसारखे वाचावेत, दुसऱ्यांनी लिहावेत. शेजारी पंखा किंवा स्टेशन न लागलेला रेडिओ खरखरत ठेवावा. मग तेच सुटे अंक वाचून. चुका मोजा. कोणत्या दोन आकड्यांत सर्वाधिक घोटाळा झाला, त्याची यादी करा. ही यादी तुमच्या गावच्या पथकाला खरोखर उपयोगी पडेल.

३. गावाचा नकाशा घेऊन सर्वांत उंच गच्ची, टेकडी, धरण, दवाखाना यांवर खुणा करा. वरच्या सूत्राने कोणाचे कोणापर्यंत पोचेल ते काढा. मधे डोंगर कोठे येतो तेही दाखवा.

४. वर्गातल्या प्रत्येकाने सलग दहा दिवस, ठरलेल्या वेळी घरी होतो की नाही याची नोंद ठेवावी. त्यावरून आपल्या वर्गाची 'येण्याची शक्यता' काढा, आणि चार खुर्च्यांसाठी किती मुले नोंदवावी लागतील ते ठरवा.

हे चारही प्रयोग झाले की मुलांनी आपल्या ग्रामपंचायतीला किंवा नगरपरिषदेला एक साधे पत्र लिहावे: आपल्या गावी वायरलेस संच आहे का, तो शेवटचा केव्हा चालू केला होता, आणि तो चालवणाऱ्यांची नावे कोणती. पत्राचे उत्तर काहीही येवो, त्या निमित्ताने एखादे कपाट उघडले जाईल. पावसाळ्याच्या आधी उघडले गेले तर फारच चांगले.